पोटातली मूठ

गहू गुरुवारीच धुऊन गच्चीवर वाळवले होते, एकदा निवडूनही झाले होते. तरी शनिवारी सकाळी वर्षा पुन्हा सूप घेऊन बसली.

"अजून काय शोधी राहिनी वं त्यात?" ओट्याशी उभ्या असलेल्या तिच्या सासूबाईंनी, सुंदराबाईंनी विचारलं. "सोनं सापडी का?"

"दोन खडे निघाले, आत्या."

खडे निघाले नव्हते. वर्षाला फक्त गव्हाजवळ बसून राहायचं होतं. मांडीशी आठ महिन्यांची धनश्री बसली होती. बसायला येऊन तिला पंधरा दिवसच झाले होते. त्यामुळे अधूनमधून ती आपल्याच डोक्याच्या भाराने एका बाजूला कलायची, आणि आईचा गुडघा लागला की जणू ठरवूनच टेकल्यासारखी तिथे रेलायची. दात येत होते, हनुवटीखालचं लाळेरं सकाळपासून दोनदा बदलून झालं होतं. दर थोड्या वेळाने तिची मूठ सुपाकडे जाई आणि वर्षा ती हलकेच परत आणी.

उद्या रविवारी घरी कानबाई देवी बसणार होती. आज तिचे रोट. सुरतेच्या डिंडोलीत आणि आसपास मिळून खानदेशातल्या निमसवाडे गावच्या भाऊबंदकीची अकरा घरं होती. दर श्रावणात त्यांतल्या एका घरी रोट व्हायचे. यंदा पाळी इथली होती. भाऊबंदकीतल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचे, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. सगळे एकत्र दळून आणायचे आणि त्याचे रोट करून देवीपुढे ठेवायचे. ते खायचे फक्त भाऊबंदकीने. लग्न होऊन गेलेल्या लेकीनेसुद्धा त्यातला तुकडा तोंडात घालायचा नाही.

मुठी काढायचं काम तात्यांचं, म्हणजे वर्षाच्या सासऱ्यांचं.

मागच्या वर्षी रोट उधन्याला चुलत सासऱ्यांकडे झाले होते. वर्षाला तेव्हा पाचवा महिना होता. बेचाळीस मुठी काढून झाल्यावर तात्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि आणखी सव्वा मूठ काढली. "पोटातली," ते एवढंच म्हणाले. सगळ्यांसमोर वर्षा लाजून अर्धी झाली होती. आणि नेमकं तेव्हाच, गव्हाचे दाणे पितळी डब्यात पडल्याचा तो आवाज होताना, आत काहीतरी पहिल्यांदा हललं होतं. मासोळी वळावी तसं. हे तिने फक्त नवऱ्याला, हेमराजला सांगितलं होतं.

ती मूठ धनश्रीची होती. जन्मायच्या आधी तिला मूठ होती, आणि आता जन्मून, सहा किलोची होऊन, दोन दात घेऊन बसली होती तर नव्हती. कारण ती मुलगी निघाली. हे वर्षाला काही केल्या पटत नव्हतं. मूठभर गव्हाची गोष्ट, कोणी म्हणेल. पण तिला ती हवी होती.

"बोलतो म्हणालात ना?" हेमराज पाण्याची बादली घेऊन आत आला तसं तिने हळूच विचारलं.

"बोलतो."

"गुरुवारपासून बोलताय."

"काल तात्या पेपर वाचत होते."

"आणि परवा?"

"परवा जेवत होते." हेमराजने बादली ठेवली आणि लेकीच्या गालाला ओला हात लावला. ती दचकली, मग खिदळली. "बोलतो गं. भाईदास येऊ दे. त्याच्यासमोर तात्या जरा मऊ असतात."

चारशे लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, हा माणूस मशीनच्या आवाजावर ओरडून कामगारांना हाका मारायचा. वडिलांसमोर मात्र तो त्यांचा पेपर आणि जेवण संपायची वाट बघत राहायचा. वर्षा पुन्हा गहू निवडायला लागली. चक्कीवाल्याने निरोप दिला होता की रोटासाठी चक्की धुऊन ठेवली आहे, पण बारापर्यंतच. नंतर दुसऱ्यांचं दळण लागेल.

आता साडेनऊ वाजले होते.

*

भाईदास रात्रीच्या पॅसेंजरने निघून दहाच्या सुमारास पोहोचला. तो छगनतात्यांचा पुतण्या. निमसवाड्याच्या प्राथमिक शाळेत मास्तर. गावाची ग्रामपंचायत चाळीस वर्षांची होत होती आणि सरपंचांनी एक पुस्तिका छापायचं ठरवलं होतं. 'निमसवाडे : इतिहास व लोकसंख्या'. लिहायचं काम अर्थातच मास्तरावर आलं. त्यातलं शेवटचं पान सुरतेतल्या निमसवाडेकरांचं होतं, आणि ते लिहायला तात्यांशिवाय दुसरं कोण होतं? सत्तर साली गावातून सुरतेला जे पहिले तिघे आले त्यांच्यातले ते एकटेच आता उरले होते.

"सोमवारी धुळ्याच्या छापखान्यात द्यायचं आहे, काका," चहाची बशी खाली ठेवत भाईदास म्हणाला. "तेवढं पान घेतो आणि उद्या दर्शन करून निघतो."

"बठ. आधी ऐक तर," तात्या म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला आणि वही उघडली. महिनाभर ते ही वही लिहीत होते. लूमवर वीस-बावीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला निवृत्तीनंतर बसायचं कसं हेच कळत नव्हतं. या वहीने त्यांना बसवलं होतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचा आवाज शाळेत धडा वाचणाऱ्या मुलासारखा एका सुरात चालू लागला.

"निमसवाडे गाव नदीच्या डाव्या अंगाला आहे. प्रथम सात घरे होती. मानमोडीच्या साथीत गाव रिकामे झाले. लोक चार महिने शेतात खोपटी घालून राहिले. परत आले तेव्हा माझ्या आज्याने दर घरासमोर उभे राहून हाक मारली, जो बोलेल तो मोजायचा. एकशे चौदा माणसे बोलली."

"वा!" भाईदास म्हणाला. "हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"पुढं ऐक. पंचायत झाली. शाळा झाली. सत्तर साली आम्ही तिघे सुरतेस आलो. प्रथम लिंबायतला एका खोलीत राहत होतो. कानबाईचे रोट त्या वर्षीही चुकवले नाहीत. तीन माणसांच्या तीन मुठी." तात्यांनी पान उलटलं. इथे त्यांचा आवाज किंचित मोठा झाला, कारण पुढचं पान त्यांच्या अभिमानाचं होतं. "सुरतेतील निमसवाडेकरांची लोकसंख्या. साल सत्तर, तीन. एकाहत्तर, पाच. बहात्तर, सात. दर सालचा आकडा आहे, भाईदास. एक साल सुटलेलं नाही. सरकारची शिरगणती दहा वर्षांनी होते. आमची दरवर्षी."

"कुठून मिळवले काका एवढे आकडे?"

"मुठी मोजल्या." तात्यांनी उजवा हात वर केला. त्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर पंच्याऐंशी साली लूममध्ये गेलं होतं. "ह्या हाताने. आज सकाळी नावं जुळवली, यंदाचा आकडा बेचाळीस."

भाईदासने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. तो उलगडताना त्याच्या चेहऱ्यावर वडीलधाऱ्याचा पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखा संकोच आला.

"काका, मागच्या वर्षी प्लेगच्या वेळी तुम्ही सगळे गावी आलात ना. गोळ्या वाटायला शाळेच्या ओट्यावर मीच यादी केली होती. सुरतेहून आलेले, नावानिशी. एक्क्याऐंशी होते."

"एक्क्याऐंशी?"

"एक्क्याऐंशी. आणि तुम्ही बेचाळीस म्हणता. म्हणजे एकोणचाळीस माणसं कुठं गेली?"

"तू दोनदा मोजले असशील."

"गोळ्या दोनदा दिल्या असत्या तर आरोग्यवाल्यांनी मला सोडलं असतं का?"

तात्यांनी यादी हातात घेतली. बोट एकेका नावावरून खाली सरकत गेलं. भाईदासच्या मनात आणखी एक गोष्ट होती. पुस्तिकेत आकड्यांचा आलेख काढायचं त्याने ठरवलं होतं. म्हणून वहीतले आकडे तो हळूच आपल्या चौकटीच्या कागदावर उतरवत होता. रेघ छान चढत होती. तीन, पाच, सात, नऊ... मग एकदम खाली.

"काका, हे काय? त्र्याहत्तरला नऊ आणि चौऱ्याहत्तरला आठ. पुढं रेघ चढतच जाते, एकदम मागच्या वर्षी त्रेचाळीस, आणि यंदा पुन्हा एकने कमी. दोनच खड्डे आहेत सगळ्यात. मला खाली टीप द्यावी लागेल. चौऱ्याहत्तरला कोण गेलं?"

"चौऱ्याहत्तर..." तात्या आठवू लागले. "कोनी गेलं नाही बुवा. आम्ही आठच्या आठ होतो. त्या वर्षी मी शेठकडून पहिल्यांदा घड्याळ बक्षीस घेतलं. नाही, कोनीच मेलं नाही."

"मग यंदा कोण गेलं?"

खोलीत पंखा कुरकुरत होता. सुपातले गहू थांबले होते. वर्षाने वर पाहिलं नाही.

*

सुंदराबाई ओट्याशी लाल भोपळा चिरत होत्या. नैवेद्याला गंगाफळाची भाजी लागते, आणि ते फळ कठीण होतं, सुरी दोन्ही हातांनी दाबावी लागत होती. त्यांना सगळं ऐकू येत होतं. या घरात ओटा आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता.

सकाळी वर्षा गव्हाजवळ का बसून आहे, हे त्यांना पहिल्या सुपातच कळलं होतं. हेमराज बाहेर तात्यांसमोर दोनदा खाकरून गप्प बसला, तेही कळलं होतं. आणि त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं की सूनबाईने विषय काढलाच तर सांगायचं, देवाच्या कामात नवं काही नको. आपण तरी कधी काढला होता का विषय?

दारातून कमल आली. त्यांची लेक, दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. हातात तेलाचा डबा, काखेत पर्स. आल्याआल्या ती बाहेरच्या खोलीकडे बघून थबकली.

"केम बधा चूप? सगळे गप्प? परीक्षा चालू आहे का?"

"आपले तात्या नापास होतील असं वाटतंय," हेमराज पुटपुटला.

"कोणी एक माणूस कमी झालंय," भाईदास म्हणाला. "ते शोधतोय. चौऱ्याहत्तरला एक आणि यंदा एक. काकांच्या मुठीत."

कमल हसली. "माणूस कमी होतं म्हणजे काय, पाकीट आहे का ते?"

सुंदराबाईंची सुरी थांबली. त्र्याहत्तरचा श्रावण त्यांना आठवायला लागत नव्हता. लिंबायतची ती खोली, पत्र्याखाली सातवा महिना, आणि समोर मांडी घालून बसलेला हा माणूस. त्यानेच आठ मुठी काढून झाल्यावर नववी काढली होती. "पोटातली." त्यांच्याकडे बघून हसलाही होता. दुसऱ्या वर्षी त्या कमलला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्याने आठच मुठी काढून डबा बंद केला होता. त्या काही बोलल्या नव्हत्या. एकवीस वर्षं झाली, काही बोलल्या नव्हत्या. आठवण मात्र अशी ताजी होती, जसं फळ आत्ताच चिरलं.

त्यांनी हात पदराला पुसले आणि पडदा बाजूला केला.

"कोनी गयं नही," त्या म्हणाल्या. "चौऱ्याहत्तरले कमल मोजायची राही गयी."

"काय?" तात्यांनी विचारलं.

"त्र्याहत्तरले मन्हा पोटमा व्हती, तव्हा तुम्ही तिची मूठ काढी. जन्मली तव्हा पोर निंघनी. मंग दुसऱ्या वरीसले काढी नही. नऊना आठ व्हई गये." त्यांनी सुपाकडे हनुवटीने दाखवलं. "आनि यंदा ही."

सगळ्यांनी धनश्रीकडे पाहिलं. एवढी माणसं एकदम बघायला लागल्याचं तिला आवडलं. तिने दोन्ही हात हलवले आणि एका बाजूला कलली.

भाईदास आपल्या कागदावरच्या खड्ड्याकडे बघत होता. कमल वाकली, तिनेही तो कागद पाहिला. रेघ कशी नीट चढत येते आणि कशी अचानक खाली घसरते, तिथे तिने बोट ठेवलं.

"ही मी?"

"ही तू," आई म्हणाली.

"म्हणजे मी जन्मले आणि गावातलं एक माणूस कमी झालं?" कमलने हसायचा प्रयत्न केला. पण ते हसू अर्ध्यावर राहिलं. "तात्या, हिसाब तो बराबर करो!"

"अगं, मुठी तशाच असतात," तात्या म्हणाले. "पुरुषांच्या. माझ्या आज्यापासून."

"तुमच्या आज्याने दर घरासमोर हाक मारली होती," सुंदराबाई म्हणाल्या. त्या आता पुरत्या बाहेर येऊन उभ्या होत्या. "जो बोलेल तो मोजायचा. तुम्हीच वाचलं आता. त्या घरातली बाई बोलली असेल तर तिला सोडलं होतं का त्यांनी?"

तात्यांनी वहीचं पान मागे उलटलं.

"बहात्तरले सात लिहिलं तुम्ही. त्या सातांत कोन कोन? तुम्ही दोघं भाऊ, ते चौघं आनि हेमराज. हेमराज पाच वरीसना. त्याले कडेवर घेईसन पॅसेंजरमा उभी राहीसन मी सुरतले उनी. तो मोजाय गया आनि मी? तुम्ही सहा जन कारखान्यातून येत होता तव्हा भाकरी कोन टाके? त्या खोलीत आठवं कोनी नव्हतंच का?"

"तसं नाही गं..."

"ह्यामा मी कोठे शे?" त्यांनी वहीवर बोट ठेवलं. आवाज चढला नव्हता. उलट बोलता बोलता तो खाली आला होता. "सांगा ना. तीस पानांत मी कोठे शे?"

तात्यांनी चष्मा काढला. त्यांना खरंच आठवत होतं. खोलीच्या दारात ती उतरली तेव्हा तिच्या पायांना सूज होती आणि हातात भाजणीचा डबा. त्या रात्री सहाजण तीन महिन्यांनी पहिल्यांदा गरम जेवले होते. हे सगळं त्यांना माहीत होतं. ते लिहायचं असतं हे माहीत नव्हतं.

"काकू," भाईदासने पेन उघडलं, "तुम्हाला सगळी नावं येतील का? यादी आहे माझ्याकडे, पण वर्षभरात काय बदललं असेल ते..."

"काय बदलणार? प्लेगच्या धास्तीने वर्षभर कोणाकडं लग्न नाही, कोणाकडं बारसं नाही. बारसं झालं ते आमच्याच घरी." त्या खाली बसल्या. "लिही. उधन्याचं घर. नऊ माणसं. पुरुष पाच, बायका चार. लिंबायतचं जुनं घर, सात. पुरुष चार. पांडेसऱ्याचे दोघे भाऊ, दोघांच्या बायका, तीन पोरी..."

त्यांना घरं तोंडपाठ होती. भाऊबंदकीत पाळणा असो की दुखणं, प्रत्येक घरी त्यांनी कधी ना कधी भाकरी टाकून दिल्या होत्या, आणि भाकरीच्या हिशेबानेच त्यांनी माणसं लक्षात ठेवली होती. कोण दोन खातं, कोण अर्धी, कोणाला अजून दूध पाजायचं. भाईदास रेघा ओढत होता. वर्षाने सूप बाजूला ठेवलं होतं. कमल आईच्या शेजारी टेकली आणि मध्येच म्हणाली, "पांडेसऱ्याची धाकटी शाळेत गेली आता, ती दोन भाकरी खाते," आणि सगळे हसले.

"ब्याऐंशी," शेवटी भाईदास म्हणाला. "यादीतले एक्क्याऐंशी, आणि एक नवीन."

"मला धरलं का त्यात?" कमलने विचारलं.

भाईदास अडखळला. "तू आता सासरच्या गावाची..."

"गोळी कुठं घेतलीस तू मागच्या वर्षी?" सुंदराबाईंनी लेकीला विचारलं.

"निमसवाड्याला. सासरच्या गावाला तर एस.टी.च नव्हती."

"मग यादीत शे ती. ब्याऐंशीतच शे."

*

अकरा वाजून गेले होते. चक्कीवाल्याकडे जायला तास उरला नव्हता. सुंदराबाईंनी ओलं फडकं फिरवून जमीन पुसली, त्यावर कोरं पांढरं कापड अंथरलं, गव्हाचा ढीग मध्ये घातला, आणि पितळी डबा नवऱ्यासमोर ठेवला. तात्या हातपाय धुऊन येऊन बसले. कमल नेहमीप्रमाणे कापडापासून जरा मागे सरकून भिंतीला टेकली.

तात्यांनी पहिली मूठ भरली. सर्वांत मोठ्या दिवंगत भावाच्या घरापासून सुरुवात होते. नाव घ्यायचं, मूठ डब्यात सोडायची, वर चिमटीने पाव मूठ. करंगळी आखूड असल्याने मूठ वळली की त्या फटीतून दोनचार दाणे कापडावर गळायचे. दरवर्षी सुंदराबाई ते गोळा करून ढिगात टाकायच्या.

वर्षा धनश्रीला धरून बसली होती. तिने हेमराजकडे पाहिलं. हेमराजने खाली पाहिलं, मग वर, मग घसा साफ केला.

"तात्या."

"मोजताना बोलू नको."

हेमराज मागे सरकला. पण या वेळी त्याचे कान लाल झाले होते. वर्षाला त्याची दया आली. प्रयत्न केला बिचाऱ्याने, तिला वाटलं. पेपरही नव्हता आज, जेवणही नव्हतं, तरी केला.

एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस हेमराजची. बेचाळीस तात्यांची स्वतःची, ती ते नेहमी शेवटी काढत. मूठ सोडून त्यांनी हात झटकला. डब्याचं झाकण सुंदराबाईंच्या हातात होतं.

"तात्या," वर्षा म्हणाली.

सून सासऱ्याशी अशी सगळ्यांसमोर बोलायची नाही. तिचा स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. पण बोलली ती.

"मला फक्त विचारायचं होतं. कानबाईला दिलेलं परत घेता येतं का?"

"नाही," तात्या लगेच म्हणाले. हे त्यांना आयुष्यभर पाठ होतं. "नारळ असो की पीठ, तिच्या नावाने काढलं ते तिचं. रोटाचा चुराही उंबऱ्याबाहेर जात नाही. परत कसं घेता येईल?"

"मग मागच्या वर्षी तिची मूठ काढली होती," वर्षा म्हणाली. "ती परत कोणी घेतली?"

भाईदासने पेन हातात धरलं होतं, पण लिहीत नव्हता. कमलने भिंतीवरचं डोकं उचललं.

तात्यांनी ढिगाकडे पाहिलं. मग बायकोकडे. त्यांना वाटलं होतं, सुंदरा म्हणेल, देवाच्या कामात नवं काही नको. ती तसंच म्हणते. पंचवीस वर्षं घरात ती हे म्हणत आली आहे, आणि दर वेळी तिचंच खरं झालं आहे. ते वाट पाहत राहिले.

सुंदराबाईंनी झाकण मांडीवर ठेवलं.

"नवं नाही ते," त्या म्हणाल्या. "जुनीच मूठ शे. मागल्या वरीसले काढी व्हती. यंदा अजून चुकनी नही."

तात्यांनी हात पुढे केला. गव्हात घातला, मूठ भरली आणि बाहेर काढली. "धनश्री हेमराज," ते म्हणाले, सगळी नावं म्हटली त्याच आवाजात, आणि मूठ डब्यात सोडली. मागच्या वर्षीचाच आवाज झाला. वर्षाचा हात नकळत पोटाशी गेला. आता तिथे काही नव्हतं. जे होतं ते तिच्या मांडीवरून सुटून सरपटत कापडावर पोहोचलं होतं.

"अगं, अगं, धर तिला!"

"राहू दे," तात्या म्हणाले.

त्यांच्या मुठीतून गळालेले दाणे कापडावर पडले होते. धनश्रीने त्यांवर हात मारला, बोटं मिटली, आणि तोंडाकडे नेता नेता तिच्या लक्षात आलं की समोर एक चकचकीत डबा आहे. पितळेत तिला कोणीतरी दिसलं असावं. तिने हात लांब केला आणि त्या कोणालातरी दाणे दिले. टपटप वाजलं. तिला तो आवाज फार आवडला.

तात्यांचा हात वरची पाव मूठ काढायला ढिगाकडे निघाला होता. तो मध्येच थांबला.

"झाली सव्वा," ते म्हणाले आणि हात मागे घेतला. "त्रेचाळीस."

कमल आधी हसली, मग पदराने डोळे पुसत राहिली. हेमराजने लेकीला उचललं, तिच्या मुठीत अजून दोन दाणे चिकटले होते, ते त्याने तसेच राहू दिले. सुंदराबाई डब्याचं झाकण लावायचं सोडून उरलेल्या ढिगाकडे बघत बसल्या होत्या.

"काय बघतेस?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही. धुतलेले गहू एवढेच राहिले. पुढच्या वरीसले जास्त धुवाले लागतील."

"किती?"

"एकोणचाळीस मुठी."

तात्या तिच्याकडे बघत राहिले. हो म्हणाले नाहीत. पण त्यांचं नाही कसं असतं हे सुंदराबाईंना चांगलं माहीत होतं, आणि हे ते नव्हतं. त्यांनी झाकण दाबून लावलं आणि डबा सुनेच्या हातात दिला.

"पळ. चक्की बंद होई जाई. चपला घालू नको, हातात दळण शे."

वर्षा अनवाणी निघाली. फरशी तापली होती, पण डबा जड होता आणि तिचं पायांकडे लक्ष नव्हतं. गल्लीच्या टोकाला वळताना तिला मागून तात्यांचा आवाज आला. ते भाईदासला सांगत होते, "खोडू नको तिथं. बाजूला लिही. बहात्तर साली आठ."